शाल, श्रीफळ आणि प्रासंगिक करार

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात पहिल्यांदा येणारा वक्ता सुरुवातीला जरा बिचकतो. त्याचा दोष नाही, आमची कार्यक्रमपत्रिकाच तशी आहे. आधी प्रार्थना. मग श्रद्धांजली: गेल्या महिन्यात जे गेले त्यांची नावं वाचायची आणि स्तब्ध उभं राहायचं, ज्यांचे गुडघे परवानगी देत नाहीत त्यांनी बसून स्तब्ध राहायचं. सगळे खाली टेकतात न टेकतात तोच सेक्रेटरी त्याच सुरात महिन्याचे वाढदिवस पुकारायला लागतात. गुलाबाचं फूल, टाळ्या, पेढा. पाहुण्याचा चेहरा अजून गंभीरच असतो आणि हातात पेढा आलेला असतो. आम्हाला यात काही वावगं वाटत नाही. सभासदांची वही एकच आहे, तीच उघडून दोन्ही कामं उरकतात.

आमचा संघ साताऱ्यातला. मी पोस्टातून निवृत्त झाले. संघात माणूस निवृत्त असतो, पण त्याचं खातं कधी निवृत्त होत नाही. आडनावं वहीत असतात. हाका मात्र ‘पाटबंधारेवाले साहेब’, ‘तलाठी भाऊसाहेब’, ‘ड्रॉइंगचे सर’, ‘कंडक्टर काका’ अशाच. मी ‘पोस्टातल्या बाई’. वक्ते शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं ते याच कारणाने. पोस्टातल्या बाईंना सगळं गाव ओळखतं, अशी समजूत. गाव मला ओळखतं ते मासिक प्राप्ती योजनेचं व्याज किती, हे विचारण्यापुरतं. पण तसं म्हणून सुटका होत नाही.

वक्ता मिळवणं सोपं नसतं. मानधन आम्ही देत नाही, देऊ शकत नाही. शाल, श्रीफळ आणि अलीकडे पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक. त्यात 1 ऑक्टोबर आला की बघायला नको. संयुक्त राष्ट्रांनी 1990 साली हा दिवस ज्येष्ठांसाठी ठरवून दिला आणि 1991 पासून तो पाळला जातो. चांगलं केलं, पण त्या एका संध्याकाळी जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या संघांना तेच चार वक्ते हवे असतात. पुढारी मंडळी अशा दिवशी ‘दहाच मिनिटं’ म्हणून येतात आणि बरोबर दहा मिनिटांनी जातात. मधल्या वेळात आपल्या आईची आठवण काढतात.

बाकीच्या महिन्यांचे विषय सांगायला पंचांग लागत नाही. गुडघेबदल. मधुमेह. मोतीबिंदू. मृत्युपत्र. ऑनलाइन फसवणूक. नोव्हेंबरात हयातीचा दाखला. आणि वर्षातून एकदा तरी ‘आनंदी वार्धक्य’, जे सांगायला हमखास चाळिशीतला माणूस येतो. तो सांगतो, अपेक्षा कमी करा, मुलांच्या संसारात बोलू नका, हसत राहा. हसण्याचं आम्हाला वावडं नाही. डॉ. मदन कटारिया यांनी 1995 साली मुंबईत पाच माणसांवर पहिला हास्यक्लब सुरू केला, त्याची लाट आमच्या बागेपर्यंत केव्हाच पोहोचली आहे आणि आमचे निम्मे सभासद रोज सकाळी तिथे हात वर करून हसतात. पण समोरच्या साठ माणसांनी मिळून चारेक हजार वर्षं काढलेली आहेत आणि आपण त्यांना जगायचं कसं ते सांगतोय, याचा थोडा तरी संकोच वक्त्याला वाटायला हवा, असं माझं मत आहे.

उपयोगाची व्याख्यानं वाईट असतात असं मी म्हणणार नाही. एक वकीलबाई येऊन गेल्या, त्या माझ्या अजून लक्षात आहेत. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा 2007 चा कायदा त्यांनी समजावून सांगितला. मुलगा बघत नसेल तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात साध्या अर्जावर दाद मागता येते, वकील लावलाच पाहिजे असं नाही. महिना दहा हजारांपर्यंत निर्वाह मिळू शकतो. आणि सर्वात महत्त्वाचं, घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून देणार असाल तर ‘तो आमचा सांभाळ करील’ ही अट त्या कागदातच लिहून घ्या. मग त्याने सांभाळलं नाही तर तो व्यवहार रद्द करून मागता येतो. नुसत्या विश्वासावर सही करू नका, मृत्युपत्र करा, ते तुम्ही असेपर्यंत केव्हाही बदलता येतं. दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही, तरी केलेली बरी.

बोलून झालं. ‘काही प्रश्न?’ हॉल गप्प. गुडघ्यांच्या व्याख्यानाला माइक आवरत नाही, इथे एक हात वर होईना. शेवटी एकाने विचारलं, तेही ‘माझ्या एका मित्राचं असं झालंय’ अशी सुरुवात करून. त्या मित्राच्या घराचा गट नंबरसुद्धा त्यांना पाठ होता. चहाच्या वेळी मात्र वकीलबाईंचा कप तसाच निवत राहिला. एकेक जण बाजूला येऊन हळू आवाजात काहीतरी विचारत होता, आणि दुसरा जवळ आला की बोलणं पावसावर जात होतं. त्या दिवशी मला कळलं की आमच्या हॉलमध्ये बोलण्याजोग्या आणि न बोलण्याजोग्या गोष्टींची सीमा कुठून जाते. सांधे बोलता येतात. मुलगा बोलता येत नाही.

फसवणुकीवर पोलिसांचं व्याख्यान दोनदा झालं. ‘डिजिटल अटक’ असा काही प्रकार कायद्यात नाही, कोणताही पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही, पैसे गेलेच तर तातडीने 1930 ला फोन करा. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं आणि घरी जाऊन वही ठेवून दिली. मग आमच्यातलेच एक निवृत्त हेडक्लार्क एका सभेत उठले. म्हणाले, मला पाच मिनिटं द्या. त्यांनी स्वतःची हकीकत सांगितली: सकाळी फोन आला, तुमच्या नावाच्या पार्सलात नको ते सापडलंय, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, बायकोलाही सांगू नका. आयुष्यभर सरकारी कागद ज्यांच्या नजरेतून सुटला नाही, त्या माणसाने खोटा शिक्का पाहून हात जोडले. ‘शिक्का बघितला की मी उभाच राहतो हो, सवय आहे,’ असं ते म्हणाले तेव्हा कोणी हसलं नाही. रक्कम त्यांनी सांगितली नाही, आम्हीही विचारली नाही. त्यानंतरच्या आठवड्यात दोघीतिघींनी असे फोन ताडकन कापल्याचं मला येऊन सांगितलं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट बसली. आम्ही बाहेरचा माणूस बोलावतो, तो येऊन आमच्याविषयी बोलतो. म्हणजे आमच्या दुखण्यांविषयी, भीतीविषयी, इस्टेटीविषयी. जगाविषयी आमच्याशी कोणी बोलत नाही. मराठी माणसाची ऐकण्याची सवय तर जुनी. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात 1875 साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तिथून गावोगाव व्याख्यानमाला पसरल्या आणि आज त्यातल्या कुठल्याही मांडवात मागून बघितलं तर पांढरी डोकीच दिसतात. तीच डोकी संघात आली की त्यांना फक्त रक्तदाब कळतो, असं आम्ही का धरून चालतो?

म्हणून मी एकदा भूगर्भशास्त्र शिकवणारे एक प्राध्यापक बोलावले. समितीत कुरकुर झाली. ‘दगडांवर कोण बसून ऐकणार?’ विषय होता कोयनेचे भूकंप. वयाने लहान होते ते, माझ्या मुलापेक्षाही लहान. त्यांनी सांगितलं की हा पठाराचा भाग एके काळी स्थिर मानला जायचा. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय भरायला लागल्यावर धक्के जाणवायला लागले. साचवलेल्या पाण्यामुळे जागे होणारे भूकंप म्हणून जगभरच्या अभ्यासात कोयनेचं नाव येतं, आणि त्यासाठी गोठणे इथे तीन किलोमीटर खोल भोक पाडून जमिनीच्या पोटात काय चाललंय ते बघितलं गेलं. मग पडद्यावर त्यांनी तारीख दाखवली: 11 डिसेंबर 1967, पहाटे 4 वाजून 21 मिनिटं.

आणि हॉलचा ताबा सुटला. प्राध्यापकांना पुढे बोलताच येईना. प्रत्येकाला आपण त्या पहाटे कुठे होतो ते सांगायचं होतं. कोणी पाटणला होतं, कोणी मुंबईत गिरणीच्या चाळीत, तिथेही पलंग हलला होता. मी कराडला होते, आठ वर्षांची. फळीवरची पितळी भांडी एकामागून एक पडत गेली तो आवाज मला आठवतो, आणि नंतर कित्येक रात्री डिसेंबरच्या थंडीत अंगणात गोधड्या घालून झोपलो ते. आम्हा मुलांना मजा वाटली होती, हे सांगायला आता लाज वाटते, पण वाटली होती. त्या तरुण माणसाने शेवटी लेझर पॉइंटर खिशात ठेवला, कागद काढला आणि लिहून घ्यायला लागला. आभारप्रदर्शन करायचं राहूनच गेलं. आमच्या संघाच्या इतिहासात ते बहुधा पहिल्यांदाच.

सहल कोयनानगरला न्यायची, हे तिथेच उभ्या उभ्या ठरलं.

सहलींबद्दल थोडं सांगते, कारण तो वेगळाच मुलूख आहे. ठिकाण निवडताना आम्ही निसर्ग, इतिहास वगैरे बघतो असं बाहेरच्यांना वाटतं. खरे प्रश्न दोनच: पायऱ्या किती, आणि स्वच्छतागृह कुठे. लिंबची बारा मोटांची विहीर साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या काळातली, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. पण खाली उतरलेल्यांना वर आणणं हा स्वतंत्र कार्यक्रम होतो. सज्जनगडावर गाडी बरीच वर जाते, तरी शेवटच्या पायऱ्या राहतातच. कासच्या फुलांना मोठी हौस असते, पण तिथे चालावं लागतं, शिवाय गर्दी. मेणवली चांगली. नाना फडणविसांचा वाडा, कृष्णेचा घाट आणि वसईच्या मोहिमेनंतर आणलेली ती पोर्तुगीज घंटा. घाटाला पायऱ्या आहेत, पण वर बसूनही नदी दिसते.

पूर्वी सहल म्हणजे एसटीचा प्रासंगिक करार. आगारात अर्ज द्यायचा, किलोमीटरचा हिशेब, अनामत भरायची, आणि सकाळी सहाला लाल गाडी संघाच्या दारात. ऑगस्ट 2022 पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास फुकट झाला आणि आमच्या अर्थकारणात उलथापालथ झाली. पासष्टच्या पुढच्यांना अर्धं तिकीट आधीपासून होतंच. मार्च 2023 पासून सगळ्या बायकांनाही अर्धं झालं. आता मेणवलीसाठी वाईची साधी गाडी पकडली की पूर्ण तिकीट काढणारा आमच्यात एकच उरतो, साठीतला आमचा खजिनदार. तो दर वेळी म्हणतो, लवकर म्हातारा व्हायला हवं. रेल्वेची गोष्ट उलटी. पुरुषांना 40 टक्के, बायकांना 50 टक्के सवलत होती, ती मार्च 2020 मध्ये साथीच्या वेळी थांबली. तेव्हापासून लांबच्या यात्रा आमच्या बोलण्यातच जास्त होतात.

आणखी एक. महिन्याच्या सभेला बायका मोजक्या असतात, सहलीला निम्म्याहून जास्त. पुरुष सभासदांना याचं कोडं पडतं. मला पडत नाही. संध्याकाळी पाच ही व्याख्यानाची वेळ. त्याच वेळी घरात चहा असतो, शाळेतून नातू आलेला असतो, सून अजून ऑफिसात असते. ज्या बाईने जन्मभर घर चालवलं तिला निवृत्तीचं पत्र कोणी दिलेलंच नाही, ती ‘ज्येष्ठ’ झाली तरी कामावरच आहे. पण सहल म्हटली की आठ दिवस आधी घरात सांगता येतं आणि रजा मंजूर होते. दोन तास मिळत नाहीत, अख्खा दिवस मिळतो. त्या दिवशी आयता चहा, आयता नाश्ता, आयतं जेवण. पोहे कसे झालेत यावर ज्या मोकळेपणाने आमच्या बायका टीका करतात, तो मोकळेपणा स्वतःच्या स्वयंपाकघरात कुठून मिळायचा?

औंधची सहल अशीच गाजली होती. यमाईच्या डोंगराच्या कुशीत पंतप्रतिनिधींनी उभारलेलं श्रीभवानी संग्रहालय, रविवर्म्याची चित्रं, आणि आमच्या माणदेशाच्या उंबऱ्यावर येऊन बसलेलं इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं ‘माता आणि मूल’. आम्ही त्या शिल्पासमोरून बोलत बोलत पुढे निघालो होतो. ड्रॉइंगच्या सरांनी सगळ्यांना मागे फिरवलं. त्या दगडात आई कुठे संपते आणि मूल कुठे सुरू होतं ते शोधा म्हणाले. अर्धा तास गेला. त्यांना शाल नव्हती, श्रीफळ नव्हतं, माइक नव्हता.

कोयनेला मात्र करारच करावा लागला, माणसंच तेवढी झाली. उंब्रज सोडून मल्हारपेठेकडे वळेपर्यंत गाण्याच्या भेंड्या चालल्या होत्या. पाटणच्या पुढे डोंगर जवळ आले आणि पाटबंधारेवाले साहेब ड्रायव्हरच्या मागच्या दांड्याला धरून उभे राहिले. हा माणूस संघात कधी दोन वाक्यांच्या वर बोललेला नाही. त्यांनी विचारलं, ‘लेक टॅपिंग कोणाकोणाला माहीत आहे?’

मग त्यांनी सांगितलं. कोयना वीजप्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यासाठी जलाशयातलं खालच्या पातळीचं पाणी हवं होतं, पण एवढा मोठा तलाव काही रिकामा करता येत नाही. म्हणून बोगदा खालून खणत आणायचा, तलावाच्या तळाशी शेवटचा खडकाचा पडदा तेवढा ठेवायचा, आणि मग एका क्षणात सुरुंगाने तो उडवायचा. उडालेला दगड बोगद्यात घुसू नये म्हणून त्याला पडायला आधीच खड्डा करून ठेवायचा. 13 मार्च 1999 ला पहिला झाला, 25 एप्रिल 2012 ला दुसरा. ‘चहाच्या बशीला खालून भोक पाडायचं आणि बशी फुटू द्यायची नाही,’ असं म्हणून त्यांनी दांडा सोडून दोन्ही हातांनी बशी दाखवली, गाडीने वळण घेतलं आणि दोघांनी त्यांना धरलं. पहिल्या वेळी आदल्या रात्री ते झोपलेच नव्हते. बायकोला सांगितलं नव्हतं काय होणार आहे ते. त्यांच्या बायको खिडकीशीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘मला माहीत होतं.’

धरणावर आता सहजासहजी सोडत नाहीत. नेहरू उद्यानातून बघायचं. 103 मीटर उंचीची भिंत आणि मागे 105 टीएमसीचं पाणी. कृष्णेकडे, म्हणजे पूर्वेला वाहायचं पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला सोडलेलं. ते पोफळीच्या वीजघरातून फिरून वाशिष्ठीला मिळतं आणि चिपळूणकडे जातं. साहेब हात लांब करून एकेक सांगत होते. भूकंपात भिंतीला तडे गेले होते, मग पाण्याच्या उलट बाजूने काँक्रीटचे टेकू देऊन ती बळकट केली, तेही सांगितलं. त्यांच्या आवाजात असा काही रंग होता, की जणू भिंत त्यांच्या घराची आहे.

आमच्यातले एक गुरुजी बाजूच्या बाकावर बसून हे ऐकत होते. त्यांनी मध्येच विचारलं, ‘साहेब, गावं किती गेली ते नाही सांगितलंत.’ साहेब थांबले. गुरुजींचं गाव त्या पाण्याखाली आहे. ते रडले वगैरे नाहीत; गुरुजी त्यातले नव्हेतच. त्यांनी सरळ हिशेब मांडला. त्यांच्या घरच्यांना सोलापूर जिल्ह्यात जमीन दाखवली. आजोबा जाऊन बघून आले आणि म्हणाले, तिथे पाऊसच नाही, आम्हाला भात लावायचा ठाऊक. निम्मे भाऊबंद गेले, निम्मे वर डोंगरात सरकले. पुनर्वसनाचे कागद अजून तहसीलच्या फेऱ्या मारतायत, पुतण्या मारतो आता. ‘आणि वीज,’ गुरुजी म्हणाले, ‘आमच्या वरच्या वाडीला फार उशिरा आली. धरणातनं मुंबईला आधी गेली.’

हे दोघं माझ्या आठवणीत कायम एकाच रांगेत बसत आले आहेत. एकाची नोकरी या पाण्यावर झाली, दुसऱ्याचं गाव या पाण्यात गेलं. आणि इतकी वर्षं दोघांनी शेजारी बसून मधुमेहाची व्याख्यानं ऐकली. या गोष्टीचा उल्लेख कधी झाला नाही, कारण तो करायला आमच्या कार्यक्रमपत्रिकेत जागाच नव्हती. प्रार्थना, श्रद्धांजली, वाढदिवस, पाहुणे, चहा.

परतीला दोघं एका सीटवर बसले. मला वाटलं आता काहीतरी हळवं चाललं असेल, म्हणून मुद्दाम मागे जाऊन बसले. कसलं हळवं! उंब्रजपर्यंत कडाक्याचं भांडण चाललं होतं, मोबदल्याच्या दराचं. साहेबांना त्या वेळचे आकडे पाठ, गुरुजींना आजोबांच्या हातात पडलेले. मधून भाऊसाहेब तलाठी मागे वळून दोघांचे सातबाराचे मुद्दे दुरुस्त करत होते. बाकी गाडी भेंड्या विसरून ऐकत होती. खजिनदार माझ्या कानात म्हणाला, ‘बाई, हे हॉलमध्ये घ्यायला पाहिजे.’

घेतलं. समितीत मी ठराव मांडला: एक महिना बाहेरचा वक्ता, एक महिना आपल्यातलाच, आणि ज्या जागी सहल जायची त्या जागेविषयी आधी कोणीतरी बोलायचं. ठराव मंजूर झाला, वाद झाला तो शालीवरून. घरच्या वक्त्याला शाल द्यायची का? अध्यक्षांचं म्हणणं, दिली तर काही वर्षांत प्रत्येकाकडे एक शाल होईल आणि निधी संपेल. ड्रॉइंगच्या सरांचं म्हणणं, नाही दिली तर परका आणि आपला यांत आपणच आपल्याला कमी लेखतो. प्रश्न पुढच्या बैठकीवर ढकलला आहे. श्रीफळ मात्र द्यायचं ठरलं, कारण ते शेवटी सगळ्यांच्याच चटणीत जातं.

या महिन्याला कंडक्टर काका बोलणार आहेत. पसरणीचा घाट, खंबाटकी, रात्रीच्या मुक्कामाच्या गाड्या, सगळी हयात त्यात गेली. आधी तयारच नव्हते. ‘मला न्हाई जमत ओ बाई भाषण. मी फकस्त पुढं सरका, पुढं सरका एवढंच बोललोय.’ शेवटी तीन अटींवर कबूल झाले: ओळख करून द्यायची नाही, उभं राहूनच बोलणार, आणि माइक नको, आवाज शेवटच्या सीटपर्यंत जातो. फळ्यावर लिहायला विषय मागितला तर बराच वेळ टोपी फिरवत विचार केला.

‘लिवा, सुट्टे पैसे,’ म्हणाले.